नवरा-बायको: शून्य, एक की दोन?

पाथर्डी तालुक्यात ऊसतोडीचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं, आणि टोळी किती मोठी हेही कोयत्यांवरूनच ठरतं. लग्नाला इथं असा रोकडा आकडा आहे.

आता याच तालुक्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या आणि तिथून अमेरिकेला पोचलेल्या एखाद्या इंजिनिअरचं लग्न घ्या. अमेरिकेच्या कायद्यातही त्याच्या लग्नाला आकडा आहे. फक्त तो ठरलेला नाही. कधी तो शून्य असतो, कधी एक, कधी दोन. मांडव तोच, माणसं तीच, अक्षता त्याच. नवऱ्याच्या खिशात कोणतं कार्ड आहे आणि ते अक्षता पडण्याआधी आलं की नंतर, एवढ्यावर आकडा बदलतो. नवरी वर्ष-दीड वर्षात विमानात बसणार, तीन-चार वर्षं माहेरी-सासरी करणार, की नवऱ्यासोबत तिकडं राहूनही दशकभर ‘तात्पुरती’ म्हणून जगणार, हे त्या आकड्यावर ठरतं.

लग्नाच्या जोरावर मिळणारं ग्रीनकार्ड रखडलं की बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: कधी होणार? त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. आपण नक्की कुठल्या रांगेत उभे आहोत? कारण ‘उशीर’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात, आणि एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

शून्य

नवरा किंवा बायको अमेरिकेची नागरिक असेल तर कायदा जोडीदाराला ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ म्हणतो, म्हणजे अगदी जवळचा नातलग. या गटात आणखी दोघे: नागरिकाची एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं आणि, नागरिक स्वतः एकवीस वर्षांचा झालेला असेल तर, त्याचे आईवडील. यांना वार्षिक मर्यादा नाही. एका वर्षात कितीही आले तरी दार बंद होत नाही.

यातली वजाबाकी मोठी मजेशीर आहे. कुटुंबाच्या नात्यावर येणाऱ्यांसाठी कायद्यानं वर्षाला ४,८०,००० ही संख्या धरली आहे. त्यातून आदल्या वर्षी आलेले हे जवळचे नातलग वजा करायचे आणि उरलेल्या जागा बाकीच्या नात्यांना वाटायच्या. पण पुढचंच कलम सांगतं की बाकी काहीही येवो, ती २,२६,००० च्या खाली धरायची नाही. जवळचे नातलग इतके येतात की वजाबाकी जवळपास दर वर्षी या तळाशी जाऊन थांबते. म्हणजे त्यांना मोजतात, वजा करतात, आणि तरीही ते कुणाची जागा खात नाहीत. कागदावर लाखांनी असलेली माणसं हिशेबात शून्य.

शून्य आकडा म्हणजे शून्य दिवस मात्र नव्हे. नागरिकानं आय-१३० हा अर्ज भरायचा, अमेरिकेतलं इमिग्रेशन खातं म्हणजे यूएससीआयएस तो तपासणार, मग फाईल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पोर्ट्समथ गावी नॅशनल व्हिसा सेंटरला जाणार आणि तिथून मुलाखतीसाठी मुंबईच्या वकिलातीत येणार. यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तरी हा उशीर टेबलावरचा आहे. जागा नाही म्हणून कुणी अडलेलं नसतं.

एक

नवरा नागरिक नाही, ग्रीनकार्डधारक आहे आणि लग्न ग्रीनकार्डानंतर झालं, तर गणित पालटतं. आता नवरी एक आकडा. तिची रांग ‘एफ२ए’ या नावानं ओळखली जाते. २,२६,००० पैकी १,१४,२०० जागा ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांना आणि मुलांना मिळतात. त्यातल्या ७७ टक्के जोडीदारांना आणि लहान मुलांना. हिशेब केला की ८७,९३४ येतात. साऱ्या जगातल्या अशा नवऱ्या, असे नवरे आणि त्यांची लहान मुलं मिळून वर्षाला एवढ्या खात्रीच्या जागा.

ही रांग पायांवर उभी राहत नाही, तारखेवर राहते. नवऱ्यानं आय-१३० दाखल केला तो दिवस म्हणजे नवरीची ‘प्रायॉरिटी डेट’. परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं आणि त्यात एक तारीख छापतं. आपली तारीख छापील तारखेच्या आधीची असेल तर आपला नंबर लागला. जगभर लाखो घरांत दर महिन्याला हा एक तक्ता उघडला जातो आणि त्यातली एकच ओळ वाचून मिटला जातो.

ही छापील तारीख मागंही सरकते. २०१९ च्या जुलैपासून एफ२ए मध्ये रांगच नव्हती. अर्ज मंजूर झाला की आकडा तयार असायचा. मार्च २०२३ पर्यंत हे चाललं. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये अचानक तारीख आली: ८ सप्टेंबर २०२०. आदल्या महिन्यात दारात उभी असलेली माणसं एका रात्रीत अडीच वर्षं मागं गेली. कुणाच्या कागदात चूक झाली नव्हती. वर्षाच्या जागा संपत आल्या होत्या आणि मागणी वाढली होती, एवढंच. २०२५ उजाडलं तेव्हा ही तारीख जानेवारी २०२२ वर होती, म्हणजे साधारण तीन वर्षांचं अंतर.

भारतीयांच्या नशिबानं या रांगेत देशाचा अडथळा फारसा नाही. इतर रांगांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त जागा मिळत नाहीत, पण एफ२ए मधल्या तीन चतुर्थांश जागा या अटीतून वगळल्या आहेत. म्हणून पाथर्डीची नवरी आणि नैरोबीची नवरी इथं एकाच तारखेची वाट पाहतात.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट पुढं आहे. मुलगा एच-१बी वर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असताना त्याचं लग्न झालं, तर बायको एच-४ व्हिसावर लवकरच त्याच्याकडं जाऊ शकते. तोच मुलगा ग्रीनकार्ड मिळवून कायमचा रहिवासी झाला की हा रस्ता बंद. तात्पुरता नवरा बायकोला लगेच बोलावू शकतो आणि कायमच्या नवऱ्याला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बरं, मधल्या काळात तिनं पर्यटक म्हणून महिनाभर जाऊन यावं म्हटलं तर तिथंही पेच. पर्यटक व्हिसासाठी ‘मी परत येणार’ हे पटवून द्यावं लागतं, आणि तिच्या नावावर तर कायमचं जाण्याचाच अर्ज पडलेला असतो. नवऱ्याकडं जायचा अर्ज हाच नवऱ्याला भेटायला जाण्यातला अडसर होतो.

ही विसंगती अमेरिकन संसदेला दिसली नव्हती असं नाही. २००० साली तिनं ‘व्ही’ नावाचा खास व्हिसा काढला: एफ२ए मध्ये तीन वर्षं ताटकळलेल्यांनी आधी यावं आणि उरलेली वाट तिथंच पाहावी. पण अट अशी की मूळ अर्ज २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेला हवा. ती माणसं केव्हाच पोचली. व्हिसा कायद्याच्या पुस्तकात अजून आहे, तो मिळू शकेल असं कुणी जवळपास उरलेलं नाही.

दोन

आता तिसरी शक्यता. मुलगा एच-१बी वर आहे, कंपनीनं त्याच्या ग्रीनकार्डाचा अर्ज केला आहे आणि लग्न ग्रीनकार्ड हाती येण्याआधी झालं. अशी बायको त्याच्याच अर्जाच्या पोटात येते. तिला वेगळी तारीख नाही, वेगळा आय-१३० नाही. नवऱ्याची तारीख तीच तिची.

ऐकायला सोपं, पण किंमत बघा. नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या जागा वर्षाला १,४०,००० आहेत आणि त्यात बायको-मुलंही धरलेली आहेत. इंजिनिअर एक आकडा, बायको दुसरा, बाहेर जन्मलेलं मूल तिसरा. कंपनीला माणूस एक हवा असतो. कोट्यातून जागा दोन किंवा तीन जातात. शिवाय देशाची सात टक्क्यांची मर्यादा. कुटुंबाच्या २,२६,००० आणि नोकरीच्या १,४०,००० अशा ३,६६,००० जागांचे सात टक्के म्हणजे २५,६२०. लोकसंख्येनं जगात पहिला असलेला भारत आणि अडीच-तीन लाख वस्तीचा एखादा बेटवजा देश, दोघांना मर्यादा तीच. म्हणून नोकरीच्या मुख्य रांगांत भारतात जन्मलेल्यांच्या तारखा दशकाहून मागं रेंगाळतात.

‘भारतात जन्मलेल्यांच्या’ हे शब्द इथं महत्त्वाचे. कायदा नागरिकत्व बघत नाही, जन्म कुठं झाला ते बघतो. आणि एक पळवाट त्यानं स्वतःच उघडी ठेवली आहे: नवरा-बायकोचे जन्मदेश वेगळे असतील तर दोघांनाही, ज्या देशाची रांग छोटी त्या देशाच्या खात्यावर मोजता येतं. आखाती देशांत नोकरी केलेली मराठी कुटुंबं थोडी नाहीत. समजा, मुलगा पाथर्डीत जन्मला आणि मुलीचा जन्म मस्कतला झाला. बाप तिथं नोकरीला होता, आई बाळंतपणासाठी माहेरी आली नाही. मुलगी पूर्ण भारतीय, पासपोर्ट भारतीय, बोलणं नगरी. तरी या लग्नानं मुलगा भारताच्या रांगेतून उचलला जाऊन ओमानच्या खात्यावर पडतो आणि दहा-बारा वर्षांचं अंतर काही पावलांवर येतं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं हा रिवाज त्या आईनं एकदा मोडला, त्याचं फळ जावयाच्या पदरात असं पडतं. कुंडली जुळवणाऱ्यांनी जन्मवेळेसोबत जन्मगावाला इतकं वजन कधी दिलं नसेल.

आणि मुहूर्त. लग्न आधी झालं की ग्रीनकार्ड आधी आलं, यावर ‘दोन’ चा ‘एक’ होतो. सोमवारी लग्न आणि मंगळवारी ग्रीनकार्ड मंजूर, तर बायको नवऱ्याच्या तारखेला धरून मागोमाग येऊ शकते. मंगळवारी ग्रीनकार्ड आणि गुरुवारी लग्न, तर नवा अर्ज, नवी तारीख, नवी रांग. दोन दिवसांचा फरक आणि तीन वर्षांचा वनवास. म्हणून ग्रीनकार्ड जवळ आलेल्या मुलाचं लग्न ठरवताना चातुर्मासाइतकंच व्हिसा बुलेटिन बघावं लागतं. घरात ठरलेलं असेल तर आधी नोंदणी पद्धतीनं लग्न आणि सवडीनं मांडव, हा मार्ग अनेकांनी यासाठीच धरला आहे.

या रांगा एकमेकींत कशा मिसळतात ते महामारीत दिसलं. मार्च २०२० मध्ये वकिलाती बंद झाल्या. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं बहुतेक इमिग्रंट व्हिसा थांबले. नागरिकांचे जोडीदार त्यातून वगळले होते, ग्रीनकार्डधारकांचे नव्हते. ‘शून्य’ आणि ‘एक’ मधला फरक तेव्हा कित्येक घरांना पहिल्यांदा कळला. कुटुंबाच्या रांगेतल्या हजारो जागा वर्षअखेर न वापरलेल्या राहिल्या, आणि कायद्याच्या नियमानं त्या पुढच्या वर्षी नोकरीच्या रांगेत ओतल्या गेल्या. १,४०,००० ऐवजी त्या वर्षी २,६२,२८८ झाल्या. गावाकडं अडकलेल्या नवऱ्यांच्या आणि नवऱ्या मुलींच्या जागा अशा रीतीनं सिएटल-डॅलसमधल्या इंजिनिअरांच्या वाट्याला आल्या. त्याही सगळ्या वापरता आल्या नाहीत. अमेरिकेचं सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, आणि त्या रात्री साठ हजारांहून जास्त जागा कुणालाही न मिळता वाया गेल्या.

हा हिशेब मांडला कुणी

शंभर वर्षांपूर्वी भारतीयांसाठी रांगच नव्हती, बंद दार होतं. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा वर्ज्य ठरवला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि आधी नागरिक झालेल्यांची नागरिकत्वं काढून घेण्याच्या मोहिमेला त्यामुळं जोर आला.

तिच्या तावडीत सापडले सखाराम गणेश पंडित. मुंबई इलाख्यातल्या अहमदाबादेत जन्मलेले, १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईशी लग्न केलं होतं. त्या काळी १९०७ च्या कायद्याप्रमाणं परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचं नागरिकत्व जात असे. पंडितांचं नागरिकत्व मुळातच खोटं ठरलं असतं तर लग्नाच्या दिवशी ते परदेशी ठरले असते, आणि आपल्याच देशात जन्मलेली लिलियन त्या लग्नापायी परकी झाली असती. पंडितांनी मुद्दा धरून ठेवला: न्यायालयानं एकदा विचार करून दिलेलं नागरिकत्व सरकारला पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारची याचिका ऐकायला नकार दिला, आणि नागरिकत्वं काढण्याची मोहीम ढेपाळली. आज जोडीदार कागदासाठी थांबतो; तेव्हा लग्नानं हातातला कागद जात होता.

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं: साऱ्या भारताला वर्षाला १०० जागा. मग ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याजवळ बसून नव्या कायद्यावर सही केली. वंशावर आधारलेले कोटे गेले आणि नातेसंबंधांना अग्रक्रम मिळाला. हा अग्रक्रम वाढवण्यात ओहायोचे खासदार मायकेल फीगन पुढं होते, आणि हेतू होता देशाचा चेहरा जसा आहे तसा ठेवण्याचा. नातलगांनाच बोलवायचं तर युरोपियनांचे नातलग युरोपियनच येणार, असा हिशेब. झालं उलटं. युरोपातून येणारे कमी झाले, आणि डॉक्टर-इंजिनिअर होऊन गेलेल्या आशियाई तरुणांनी त्याच कलमावर बायका, भाऊ, आईबाप नेले. न्यू जर्सीतली मराठी मंडळं, गणेशोत्सव आणि शनिवार-रविवारच्या मराठी शाळा यांचं मूळ शोधत गेलं तर त्या फसलेल्या हिशेबापाशी जाऊन पोचतं.

आजचे सगळे आकडे मात्र १९९० च्या कायद्यातले. २,२६,०००, १,४०,०००, सात टक्के, सगळं तेव्हाचं. त्यानंतर इंटरनेट आलं, पुण्या-हैदराबादेतून इंजिनिअरांच्या पिढ्या गेल्या, आकडे जागेवर. २०१३ मध्ये एक संधी आली होती. सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात ग्रीनकार्डधारकांच्या जोडीदारांनाही ‘जवळचे नातलग’ मानलं होतं. एका ओळीनं ‘एक’ चा ‘शून्य’ झाला असता. प्रतिनिधिगृहानं ते चर्चेलाच घेतलं नाही.

ग्रामपंचायतीतून पोर्ट्समथला

अमेरिकेतलं हे यंत्र एवढं अवाढव्य, पण त्याला पुरवायचा कच्चा माल गावात तयार होतो. १९९८ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या खेड्यात विवाह नोंदणीचं काम ग्रामसेवकाकडं असतं. तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्नपत्रिका, फोटो, आणि मग शिक्का मारलेला दाखला. ग्रामसेवकानं नावात एक वेलांटी चुकवली तर ती न्यू हॅम्पशायरमधल्या संगणकावर अडते. एका जुन्या हवाई तळाच्या जागेवर बसलेला तिथला कर्मचारी पाथर्डीच्या शिक्क्याकडं बघून ठरवतो की फाईल पुढं जाईल की परत.

आपल्या नावांची घडणही त्यांच्या रकान्यांत मावत नाही. मुलीच्या नावात लग्नाआधी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि जुन्या पद्धतीच्या घरात पहिलं नावही बदललेलं. दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरी. तिन्ही एकच, हे कागदानं सिद्ध करावं लागतं. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: अर्ज करण्याआधी पासपोर्ट, विवाह दाखला आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवायचं, आणि जुळत नसेल तिथं आताच दुरुस्ती करायची.

जन्माचं तर विचारूच नका. ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. खरी नोंद कोतवाल बुकात, गाव नमुना १४ मध्ये, वेगळ्याच तारखेला असू शकते, किंवा नसतेच. नोंद नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा अधिकृत दाखला आणि सोबत शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे दुय्यम पुरावे चालतात. आडवं येतं ते दोन कागदांवरच्या दोन तारखांचं भांडण.

कुठल्या रांगेला कुठलं औषध

पहिली रांग आकड्यांची. आपली तारीख आली नसेल तर पत्रं, फोन, ओळखी, वकिलाची नोटीस, कशाचाही उपयोग नाही. इथं एकच मोठा उपाय आहे आणि तो नवऱ्याच्या हातात आहे: नागरिक होणं. ग्रीनकार्डाला साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, तोही मुदतीच्या नव्वद दिवस आधी. ज्या दिवशी तो शपथ घेतो त्या दिवशी बायकोचा पडून असलेला अर्ज ‘एक’ वरून ‘शून्य’ वर येतो. नवा अर्ज नको. एक खाच मात्र लक्षात ठेवावी. एफ२ए मध्ये आईच्या अर्जाच्या पोटात मूल असतं, नागरिकाच्या बायकोच्या अर्जात ते बसत नाही. मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. शपथेच्या आनंदात हे विसरलं की आईचा व्हिसा येतो आणि लेकरू मागं राहतं.

दुसरी रांग टेबलाची. यूएससीआयएस प्रत्येक प्रकारच्या अर्जाला लागणारा कालावधी जाहीर करतं. त्याच्या आत आपण असू तर विचारणा केली तरी ठरावीक उत्तर येतं. तो उलटला की अधिकृत विचारणा करता येते. गंभीर आजारपण किंवा मोठं आर्थिक नुकसान असेल तर फाईल लवकर घ्या अशी विनंती कागदपत्रांसह करता येते. नवरा राहतो त्या मतदारसंघाच्या खासदाराचं कार्यालय अशा फाईलींची चौकशी करतं, आणि ते तिथलं रोजचं काम आहे. त्यासाठी वशिला लागत नाही, संमतीपत्र लागतं.

तिसरी रांग व्हिसा सेंटरची. इथला धोका गप्प बसण्याचा. आकडा उपलब्ध असताना वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा तरी संपर्क साधून त्याची नोंद जपावी. नवऱ्याच्या उत्पन्नाचं हमीपत्रही इथंच लागतं: कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न. हे हमीपत्र घटस्फोटानंही संपत नाही, हे सही करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं.

चौथी रांग मुलाखतीनंतरची. मुंबईची वकिलात २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तिथं खिडकीवर कधी ‘२२१-जी’ असा कागद हाती येतो आणि घरात रडारड होते. कायद्याच्या भाषेत तो नकार असला तरी शेवटचा नव्हे. एखादा कागद कमी आहे किंवा तपासणी बाकी आहे. मागितलेला कागद वर्षाच्या आत द्यायचा. सुरक्षा तपासणी असेल तर तिला जाहीर मुदत नसते.

सगळं थकलं की उरतं न्यायालय. सरकारी अधिकाऱ्यानं कर्तव्य करावं असा आदेश मागणारी ‘मॅन्डॅमस’ याचिका अमेरिकेत दाखल होते. उशीर अवाजवी आहे का, हे ठरवताना न्यायाधीश ज्या सहा कसोट्या लावतात त्या १९८४ च्या एका निकालातून आल्या आहेत, आणि तो खटला होता टेलिफोन कंपनीनं ग्राहकांकडून घेतलेल्या जादा पैशांचा. दूरध्वनीच्या बिलासाठी घडवलेली मोजपट्टी आज ताटातूट झालेल्या नवरा-बायकोंना लावली जाते. न्यायालय ‘निर्णय द्या’ म्हणू शकतं, ‘हो म्हणा’ असं सांगू शकत नाही. २१ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच केलं की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकालाही नाही.

उशिराच्या या साऱ्या पसाऱ्यात एक ठिकाण असं आहे की जिथं उशीर फायद्याचा ठरतो. खोटी लग्नं रोखायला १९८६ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त मिळतं. मग लग्न खरं आहे हे पुन्हा सिद्ध करणारा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वाट. पण लग्नाचा दुसरा वाढदिवस उलटून गेल्यावर विमान उतरलं तर थेट दहा वर्षांचं कार्ड. कायद्याच्या नजरेत वाट पाहणं हाच खरेपणाचा पुरावा झालेला असतो. ताटातुटीच्या काळातल्या भेटींची तिकिटं, बोर्डिंग पास, पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, सणावाराचे फोटो, व्हिडिओ कॉलच्या नोंदी जपून ठेवायच्या त्या याचसाठी. मुलाखतीत अधिकारी जेव्हा विचारतो, ‘इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?’ तेव्हा उत्तर फाईलमध्ये तयार असावं.

आणि एक उत्तर शेजारपाजारसाठीही तयार ठेवायला हवं. ‘सूनबाई अजून इथंच का?’ या प्रश्नामागं गावात दोनच तर्क असतात: पोरानं तिकडं दुसरं काही केलं असेल, नाहीतर पोरीच्या कागदात खोट असेल. त्या तर्कांखाली कित्येक मुली वर्षानुवर्षं मान खाली घालून वावरल्या आहेत. आता कुणी विचारलं तर सासूनंच दणक्यात सांगावं: पोरगा चांगला आहे, सून चांगली आहे, कागद तर गावात कुणाचे नसतील इतके चोख आहेत. अडलंय ते १९९० सालच्या वजाबाकीत.